पुरानंतर खाणीच्या खंदकातील पाणी कसे उपसावे: गोव्यातील लोहखनिज खाणींसाठी सविस्तर मार्गदर्शक

गोव्यातील लोहखनिजाचा पट्टा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांतून जातो. या पट्ट्यातील बरेच खंदक भूजलपातळीच्या खाली गेलेले आहेत आणि काहींचा तळ समुद्रसपाटीपेक्षाही खोल आहे. राज्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. वाळपईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात हे प्रमाण किनाऱ्यापेक्षा अधिक असते. त्यामुळे पावसाळ्यात खंदकाच्या तळाशी पाणी साचणे हे खाणवाल्यांना नवे नाही आणि त्यासाठीची व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते. हा लेख त्यापुढच्या प्रसंगासाठी आहे: २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात किंवा त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस सत्तरी-डिचोलीत झाला तसा पाऊस होऊन चर फुटतात, वीज जाते, संपवरचा (तळाशी पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यावरचा) पंप पाण्याखाली जातो आणि दोन-चार बेंच (भिंतीत पायऱ्यांसारखे खणलेले टप्पे) दिसेनासे होतात, तेव्हा काय करावे?

अशा वेळी पहिली मागणी मोठ्या पंपाची होते. वास्तविक किती पाणी, किती वेगाने आणि कोणत्या दिवशी उपसायचे हे दोन गोष्टी ठरवतात. खंदकाची ओली भिंत किती वेगाने उघडी पडू शकते ही पहिली, आणि खालचा नाला व त्याकाठची शेती किती पाणी व किती गाळ झेलू शकते ही दुसरी. या दोन मर्यादा आधी ठरवाव्यात आणि पंप त्यांच्या आत बसवावा. पुढील सर्व टप्पे याच क्रमाने मांडले आहेत.

पहिले दोन दिवस: कोणीही खाली उतरू नये

पाऊस थांबल्यावर लगेच खंदकात माणूस किंवा यंत्र पाठवू नये. जांभ्याच्या थराखाली गोव्यात बहुतेक ठिकाणी चिकणमाती, फिलाइट (पापुद्र्यांचा खडक) आणि भुकटीसारखे मऊ खनिज असते. हे थर पाणी शोषून जड होतात आणि पाऊस ओसरल्यानंतरही कित्येक दिवस आतून भिजलेले राहतात, त्यामुळे ढासळण्याचा धोका आकाश मोकळे झाल्याबरोबर संपत नाही.

प्रथम खंदकाच्या काठाची पाहणी करावी, तीही काठापासून अंतर राखून. काठाला समांतर जाणाऱ्या नव्या भेगा, खचलेला कठडा, भिंतीतून नव्याने फुटलेले झरे आणि झुकलेली झाडे यांची नोंद नकाशावर करावी. त्यानंतर वरच्या अंगाला असलेले टाकाऊ मातीचे डंप पाहावेत. डंपाच्या पायथ्याची दगडी भिंत फुगली असेल किंवा पायथ्याशी गढूळ पाणी झिरपत असेल, तर डंप घसरून थेट भरलेल्या खंदकात येण्याची शक्यता गृहीत धरावी, कारण अशा घसरणीने उठलेली लाट तराफा, होडी आणि काठावरची माणसे यांना एकाच वेळी ओढून नेऊ शकते. डंप स्थिर असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने लेखी सांगेपर्यंत पाण्यावर कोणतेही काम सुरू करू नये.

विजेचा पुरवठा मुख्य स्विचपासून बंद करून कुलूप लावावे. पाण्यात बुडालेले स्टार्टर, केबलचे जोड आणि पॅनेल वाळलेले दिसले तरी इन्सुलेशनची मेगर चाचणी (विद्युतरोधाची मोजणी) झाल्याशिवाय त्यांत वीज सोडू नये. इजा, अपघात किंवा नियमांत नमूद केलेली धोकादायक घटना घडली असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाला विहित मुदतीत कळवणे हे खाणीचे मालक, एजंट आणि व्यवस्थापक यांचे कर्तव्य आहे. राज्याच्या खाण आणि भूगर्भ खात्याला व स्थानिक पंचायतीलाही त्याच दिवशी कल्पना द्यावी. बंद पडलेल्या खाणींच्या बाबतीत गुरे चारणारे आणि पोहायला येणारी मुले यांच्यासाठी काठावर राखणदार बसवणे सर्वांत तातडीचे आहे, कारण भरलेल्या खंदकाचे पाणी वरून शांत दिसते आणि कडेलाच एकदम खोल असते.

पाणी मोजणे

खंदकात किती पाणी आहे हे अंदाजाने सांगू नये. शेवटच्या सर्वेक्षणाचा नकाशा आणि पाण्याची आजची पातळी यांवरून दर मीटरला किती घनमीटर पाणी बसते याचा तक्ता तयार करावा. नकाशा जुना असेल तर होडीतून किंवा दूरनियंत्रित तराफ्यावरून इको साउंडरने खोली मोजावी. पाण्याच्या कडेला ठळक आकड्यांची मोजपट्टी उभी करावी आणि दररोज ठरावीक वेळी, सकाळी व संध्याकाळी, पातळी नोंदवावी. जवळच पर्जन्यमापक असावा.

पंप सुरू करण्यापूर्वी पावसाविना गेलेल्या किमान दोन दिवसांची पातळी मोजणे फार मोलाचे आहे. पाऊस नसतानाही पातळी वाढत असेल तर तेवढे पाणी भिंतींतून आणि तळातून झिरपत आहे आणि उपशाच्या पहिल्या दिवसापासून ते हिशेबात धरावे लागेल. पातळी उतरू लागली की झिरप वाढते हेही ध्यानात असावे, कारण बाहेरचे भूजल आणि खंदकातील पाणी यांच्यातील उंचीचा फरक वाढत जातो.

हिशेब कसा करावा हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक खंदक घेऊ. पाण्याचा पृष्ठभाग ६ हेक्टर आहे, म्हणजे पातळी १ मीटर उतरवण्यासाठी साधारण ६०,००० घनमीटर पाणी काढावे लागेल. ताशी ५०० घनमीटरचे दोन पंप दिवसातून २० तास चालले तर २०,००० घनमीटर बाहेर पडते. दररोज ४,००० घनमीटर झिरप येत असेल तर निव्वळ घट १६,००० घनमीटरची, आणि पातळी दिवसाला सुमारे २७ सेंटिमीटर उतरते. आता याच खंदकाला वरून ४० हेक्टर क्षेत्राचे पाणी मिळत असेल आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडून त्याचा सात दशांश भाग वाहून आला, तर त्या एका दिवसात २८,००० घनमीटर पाणी आत येते. सुमारे दोन दिवसांची निव्वळ घट एका सरीत भरून निघते.

आधी येणारे पाणी अडवावे

वरील आकड्यांवरून पुढचा टप्पा आपोआप ठरतो. पंप आणण्याआधी खंदकाभोवतीचे चर पूर्ववत करावेत. चर कुठे फुटला, कुठे गाळाने भरला आणि कुठे रॅम्पच्या (खंदकात उतरणाऱ्या) रस्त्यानेच पाणी आत शिरले हे पाहून तिथे मातीच्या पिशव्या, मुरूम आणि जांभ्याचे दगड यांनी बंदिस्ती करावी. चराचा उतार सलग असावा, तळाला जागोजागी दगडी बांध घालून वेग कमी करावा आणि शेवटी पाणी गाळाच्या टाकीत जाईल अशी व्यवस्था ठेवावी. चर भिंतीच्या अगदी काठाला खणू नये, कारण फुटलेल्या चरातून भेगांत शिरणारे पाणी भिंत आतून सुटी करते.

चक्रीवादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात उत्खनन यंत्र पंपाच्या जागेवर न लावता चरांवर लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वच्छ पावसाचे पाणी खंदकाबाहेरूनच वळवले तर ते उपसावे लागत नाही, गढूळ होत नाही आणि त्याच्यावर प्रक्रियाही करावी लागत नाही.

पाणी कुठे सोडायचे

जागा निवडण्यापूर्वी खंदकापासून नदीपर्यंतचा संपूर्ण मार्ग पायी चालून पाहावा. ओहोळाची रुंदी, खोली, पुलाखालच्या मोऱ्या, बंधारे, कुळागरांना (सुपारीच्या बागांना) पाणी देणारे पाट आणि काठाची शेते यांची नोंद करावी. गोव्याच्या नद्यांना भरती-ओहोटी खूप आतपर्यंत जाणवते. जुवारीत ती सावर्ड्याच्या परिसरापर्यंत पोचते. त्यामुळे नदीजवळच्या नाल्यात भरतीच्या वेळी सोडलेले पाणी पुढे न सरकता शेतात पसरते. अशा ठिकाणी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, मोठी भरती चढत असताना पंप बंद ठेवणे किंवा कमी चालवणे आवश्यक असते.

शेतीच्या हंगामाचा विचार केल्याशिवाय वेळापत्रक पक्के करू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सरद (पावसाळी) भात फुलोऱ्यात किंवा कापणीला आलेले असते आणि त्यावर गाळाचे पाणी चढले तर वर्षाचे पीक जाते. नोव्हेंबरनंतर वायंगण (हिवाळी-उन्हाळी) शेतीसाठी मात्र शेतकऱ्यांना पाणी हवे असते. त्या वेळी स्वच्छ पाणी ठरावीक वेळी सोडल्यास ते उपयोगी पडते. उन्हाळ्यात डिचोली-सत्तरीत खंदकांचे पाणी नदीत सोडून पाणीपुरवठ्याला हातभार लावण्याचे काम जलस्रोत खात्याने केलेले आहे. म्हणून पाणी उपसायची घाई नसेल, तर काही साठा राखून उन्हाळ्यात देण्याचा पर्याय खात्यासमोर आणि पंचायतीसमोर ठेवावा. मात्र पिण्यासाठी वापर होणार असेल तर लोह, मँगनीज आणि जिवाणू यांची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

परवानग्यांच्या बाबतीत गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी निर्णायक असतात. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखालील या संमतीत सोडण्याची जागा, प्रमाण आणि गुणवत्ता लिहिलेली असते. आपत्तीनंतर जागा किंवा प्रमाण बदलायचे असेल तर आधी लेखी मंजुरी घ्यावी. भूजलाच्या संदर्भात २००२ चा गोवा भूजल नियमन कायदाही लागू होतो. पंचायतीला कळवणे ही केवळ औपचारिकता समजू नये. पंप कधी सुरू होणार, रोज किती वेळ चालणार आणि पाणी लाल दिसले तर कोणाला फोन करायचा हे पंचायतीच्या फलकावर मराठी व कोकणीत लावावे.

भिंत किती वेग सहन करते

या कामातील सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे आणि यावरच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. खंदकात उभे असलेले पाणी भिंतीला बाहेरून टेकू देते. पाण्याच्या प्रत्येक मीटर खोलीमागे भिंतीवरील दाब दर चौरस मीटरला जवळजवळ १ टनाने वाढतो. पातळी उतरली की हा टेकू लगेच निघून जातो, पण भिंतीच्या आत मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. भुकटी खनिजातून ते त्यामानाने लवकर निघते. चिकणमाती आणि कुजलेल्या फिलाइटमधून ते आठवडे घेते. आतून दाब आणि बाहेरून आधार नाही, अशा स्थितीत कोरड्या हवेतही भिंत घसरते.

म्हणून रोजची कमाल घट भूतांत्रिक अभियंत्याकडून प्रत्येक भिंतीसाठी ठरवून घ्यावी. तो आकडा मिळेपर्यंत दिवसाला काही सेंटिमीटरांपासून सुरुवात करावी आणि चिकणमातीची भिंत उघडी पडत असताना कधीही घाई करू नये. दर दोन-तीन मीटर घट झाल्यावर उपसा काही दिवस थांबवून भिंतीला निचरा होऊ द्यावा आणि त्या काळात नव्या झऱ्यांची व भेगांची पाहणी करावी. शक्य असेल तिथे भिंतीच्या मागे पायझोमीटर बसवून आतील पाण्याची पातळी मोजावी. आतली पातळी बाहेरच्या पातळीबरोबर उतरत नसेल तर पंप बंद करण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. खंदक खाली निमुळता होत जातो. वरच्या काल्पनिक उदाहरणात पृष्ठभाग ६ हेक्टरांवरून ३ हेक्टरांवर आला आणि निव्वळ उपसा तेवढाच राहिला, तर दिवसाची घट २७ वरून सुमारे ५३ सेंटिमीटर होते. म्हणजे पंपचालकाने काहीही बदल केलेला नसताना भिंत दुप्पट वेगाने उघडी पडू लागते, आणि तीही खालच्या भागात, जिथे भिंतीची एकूण उंची सर्वाधिक असते. म्हणून वेळापत्रक पंपाच्या तासांत न लिहिता पातळीच्या सेंटिमीटरांत लिहावे आणि खाली जाताना पंपांची संख्या किंवा तास कमी करत न्यावेत.

भेगांवर लक्ष ठेवण्याची साधी पद्धत आजही उपयोगी आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून त्यांतील अंतर दिवसातून दोनदा मोजावे. एकूण अंतरापेक्षा त्यातील वाढ महत्त्वाची असते: काल ३ मिलिमीटर, आज ७, उद्या १५ असा क्रम दिसू लागला तर खंदकातील सर्व माणसांना बाहेर काढून पंप लांबून बंद करावा. खुंट्या मोजणाऱ्याने भेगेच्या खंदकाकडील भागावर उभे राहू नये. मोठ्या खाणींत भिंतीची हालचाल टिपणारे प्रिझम किंवा रडार असते, तरीही समोरच्या काठावर शिट्टी घेऊन बसलेला पहारेकरी काढू नये.

पंप, पाइप आणि तराफा

काठावर किंवा बेंचवर ठेवलेला पंप पाणी वर ओढतो तेव्हा निसर्गाची मर्यादा आड येते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाण्याचा स्तंभ सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १०.३ मीटर उचलू शकतो. प्रत्यक्षात ५-६ मीटरांपलीकडे पंप धापा टाकू लागतो आणि त्याचा पंखा खराब होतो. पातळी रोज उतरत असल्याने काठावरचा पंप वारंवार हलवावा लागतो आणि प्रत्येक वेळी माणसे ओल्या भिंतीखाली जातात. म्हणून पुराच्या उपशासाठी तराफ्यावरचा पंप किंवा तराफ्याला टांगलेला सबमर्सिबल पंप हाच योग्य पर्याय आहे.

पंप निवडताना किती अश्वशक्तीचा, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी उंची काढावी. समजा, खंदक पूर्ण उतरवल्यावर पाण्यापासून सोडण्याच्या जागेपर्यंतची उभी उंची ४५ मीटर आहे, पाइप ६०० मीटर लांब आहे आणि पंप ताशी ५०० घनमीटरचा आहे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर राहतो आणि घर्षणात अंदाजे ७ मीटर उंची जाते. बाक, व्हॉल्व्ह यांचे धरून ती १० मीटर मानावी. एकूण ५५ मीटर. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास लागणारी शक्ती ५०० गुणिले ५५, भागिले (३६७ गुणिले ०.७), म्हणजे (३६७ हा एकके जुळवणारा स्थिरांक) सुमारे १०७ किलोवॅट. त्यासाठी १३२ किलोवॅटची मोटर योग्य ठरते. आता गोदामात पडून असलेला २०० मिलिमीटरचा पाइप वापरला तर? घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते, त्यामुळे त्याच प्रवाहाला घर्षणातच सुमारे ५३ मीटर जातील, खंदकाच्या उभ्या उंचीपेक्षाही जास्त. प्रत्यक्षात तो पंप तेवढे पाणी देणारच नाही. लहान पाइप वापरून मोठा पंप भाड्याने घेणे हा या कामातील सर्वांत महागडा निर्णय असतो, कारण त्याची किंमत महिनोन्महिने विजेच्या किंवा डिझेलच्या बिलातून मोजावी लागते.

पंपाचा वक्र (कोणत्या उंचीला किती प्रवाह मिळतो हे दाखवणारा आलेख) मागून घ्यावा आणि सुरुवातीची उंची व शेवटची उंची या दोन्ही ठिकाणी पंप कसा चालेल हे पाहावे. सुरुवातीला उंची कमी असते, प्रवाह वाढतो आणि मोटरवर जादा भार येऊ शकतो. म्हणून सोडण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह काहीसा आवळून ठेवावा आणि अँपिअरवर लक्ष ठेवावे.

तराफा तरंगतो की नाही एवढे पाहून भागत नाही. पंप, मोटर, फळ्या, कठडे, दोन माणसे आणि पाण्याने भरलेल्या पाइपचा तराफ्यावर येणारा भाग यांचे वजन मिळवावे. ३०० मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला सुमारे ७० किलो पाणी असते, हे विसरले जाते. २०० लिटरचा बंद पिंप स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १८० किलो भार तोलतो; एकूण भार ४ टन असेल आणि दुप्पट सुरक्षितता हवी असेल तर अशी ४५ पिंपे लागतील. पिंपे गळू शकतात, म्हणून शक्य असेल तर फोम भरलेले प्लास्टिकचे तरंगते ठोकळे वापरावेत. तराफा किमान तीन दिशांनी वायर रोपने बांधावा, दोर पातळीनुसार सैल करता येतील असे ठेवावेत आणि ते अस्थिर भिंतीला किंवा भेगेच्या आतल्या झाडाला बांधू नयेत. पाइपलाही ठरावीक अंतरावर तरंगते ठोकळे लावावेत. तराफ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, एकट्याने कोणी जाऊ नये आणि काठावर होडी व दोर तयार असावा.

चोखणाची तोटी तळापासून आणि पृष्ठभागापासून दोन्हीकडून अंतर राखून लावावी. तळाशी लावल्यास ती गाळ ओढते. पृष्ठभागाला लावल्यास भोवरा होऊन हवा शिरते. वर्षानुवर्षे भरलेल्या खोल खंदकात तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि विरघळलेले लोह व मँगनीज जास्त असू शकते. ते पाणी वर येऊन हवेत मिसळले की लालसर किंवा काळपट होते. म्हणून वरचे स्वच्छ पाणी आधी काढावे आणि वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने तपासून मगच खाली जावे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबल्यानंतर भरून राहिलेल्या खंदकांबाबत हे विशेष लागू आहे.

वीज आणि डिझेल

वादळानंतर वाहिन्या तुटलेल्या असतात आणि पुरवठा सुरू झाला तरी वारंवार खंडित होतो. अचानक वीज गेल्यावर पाइपातला उभा स्तंभ उलटा धावतो आणि पंपाला धक्का देतो. त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उंच ठिकाणी हवेचा व्हॉल्व्ह आणि पाइपला पक्का आधार हवा. तराफ्याच्या केबलला जमिनीकडे गळती झाल्यास तत्काळ पुरवठा तोडणारा रिले असावा, त्याची चाचणी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला व्हावी आणि केबलचा जोड कधीही पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला नसावा.

डिझेल पंप किंवा जनरेटर वापरल्यास वरील उदाहरणातील पंपाला ताशी सुमारे ३० लिटर डिझेल लागेल. रस्ते वाहून गेले असतील तर किमान तीन दिवसांचा साठा सुरक्षित जागी ठेवावा, टाकीभोवती गळती अडवणारा कठडा करावा. डिझेल इंजिन खंदकाच्या खोल भागात चालवणे टाळावे, कारण वारा पडलेल्या पहाटे धूर तळाशी साचतो. माणसांची पाळी आखताना चवथीचे दिवस लक्षात घ्यावेत. जोराचा पाऊस आणि घरी गेलेले कामगार हे दोन्ही अनेकदा एकाच आठवड्यात येतात, म्हणून पंपचालकांची पर्यायी यादी आधीच तयार असावी.

गाळ अडवणे

अंतर्गत जलप्रवाहात सोडायच्या पाण्यासाठी पर्यावरण नियमांतील सर्वसाधारण मर्यादा तरंगत्या घन पदार्थांसाठी लिटरला १०० मिलिग्रॅम आणि सामू ५.५ ते ९ अशी आहे. संमतीपत्रात याहून कडक अट असेल तर तीच पाळावी. हे साधणे किती अवघड आहे ते कणांच्या आकारावरून कळते. १० मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यात ताशी सुमारे ३२ सेंटिमीटर खाली बसतो. ताशी ५०० घनमीटर पाण्यातून असे कण काढण्यासाठी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १,६०० चौरस मीटर पृष्ठभागाची टाकी पुरते. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण मात्र ताशी जेमतेम १.३ सेंटिमीटर खाली जातो, आणि त्यासाठी जवळजवळ ४ हेक्टर जागा लागेल. एवढी जागा कोणत्याही खाणीत नसते.

यावर मार्ग तीन. खंदकातच पाणी शक्य तितके निवळू द्यावे आणि वरचे काढावे. टाक्या एकामागून एक तीन ठेवाव्यात, पाणी रुंद सांडव्यावरून पातळ थराने जाऊ द्यावे आणि पहिल्या टाकीतील गाळ वेळोवेळी काढून तो पुन्हा वाहून जाणार नाही अशा जागी टाकावा. तरीही पाणी लाल राहिले तर तुरटी किंवा मंजूर फ्लॉक्युलंट (बारीक कण एकत्र आणून खाली बसवणारे रसायन) वापरावे. मात्रा आधी काचेच्या भांड्यांत नमुने ढवळून ठरवावी, कारण गोव्याच्या मऊ पाण्यात जास्त तुरटीने सामू झपाट्याने खाली येतो. सोडण्याच्या जागी तास-दोन तासांनी गढूळपणा मोजून नोंद ठेवावी. मर्यादा ओलांडली की पंप थांबवण्याचा अधिकार त्या पाळीतील मापन करणाऱ्यालाच असावा. त्यासाठी वरिष्ठांच्या फोनची वाट पाहावी लागू नये.

शेवटचे काही मीटर

तळ जवळ आला की पाण्याऐवजी चिखल येऊ लागतो आणि स्वच्छ पाण्याचा पंप लगेच झिजतो. मोठे पंप वर घ्यावेत, तळाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात संप करून तिथे गाळाचा पंप लावावा आणि हा चिखल वेगळ्या बंदिस्त टाकीत न्यावा. खणलेले बेंच उघडे पडल्यावर वरून खाली, एकेक करून त्यांची तपासणी आणि सुट्या दगडमातीची साफसफाई करावी. रॅम्पचा भराव आतून भिजलेला असतो. रिकाम्या टिप्परने चाचणी केल्यावरच भार न्यावा. बुडालेली यंत्रे चालू करून पाहू नयेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकमधील तेल काढून, विद्युत भाग सोडवून, वाळवून, तपासल्यावरच ती सुरू करावीत. साचलेल्या पाण्यात हात-पाय घालून काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यांना गमबूट द्यावेत, जखमा झाकाव्यात आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

गावच्या विहिरी

खाणकाम बंद असताना भरलेला खंदक आसपासच्या भूजलाला आधार देत असतो. तो उपसला की तो आधार जातो. शिरगावात विहिरी आटल्याचा आणि शेतात गाळ उतरल्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, हे डिचोलीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. जांभ्यातील वरचे भूजल आणि खनिजाच्या थरातील खालचे भूजल यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर असतो, म्हणून उपशाचा परिणाम प्रत्येक विहिरीवर सारखा होत नाही: शेजारच्या दोन विहिरींपैकी एक तशीच राहते आणि दुसरी खाली जाते. याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही, मोजूनच मिळते.

उपसा सुरू होण्याआधी परिसरातील घरगुती विहिरी, झरी आणि देवळांच्या तळ्या यांची पातळी मालकांच्या उपस्थितीत मोजून दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी नोंदवावी. उपशाच्या काळात आठवड्यातून किमान एकदा, आणि पाऊस गेल्यावर अधिक वेळा, तीच मोजणी करावी. पातळीची घट नेहमीच्या उन्हाळी घटीपेक्षा वेगळी दिसू लागली तर उपशाचा वेग कमी करावा, बाहेर काढलेले निवळलेले पाणी त्या वाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या चरांत मुरवावे आणि तोपर्यंत टँकरची सोय खाणीनेच करावी. ही मोजणी खंदक रिकामा झाल्यावर थांबवू नये. पुढचा पावसाळा सुरू होऊन विहिरी भरू लागेपर्यंत ती चालू ठेवावी आणि दर महिन्याचे आकडे पंचायतीत लावावेत.